देवीच्या पोटातला म्हातारा

शहापुरातल्या एका बोळात, मागाची खटखट ऐकू येईल इतक्या अंतरावर, रवळू अण्णांचं घर आहे. घर लहान, दार त्याहून लहान. वाकून आत आलेला माणूस पाठ सरळ करतो न करतो तोच अण्णांचा प्रश्न अंगावर येतो. "बसा की. आनी मला सांगा, हे असं का हुतंय?" हे म्हणजे काय, ते रोज वेगळं. कधी उतू जाणाऱ्या दुधावरची साय, कधी कोंबडीची मान, कधी रिक्षाच्या आरशात मागची बस लांब का दिसते ते. पाहुणा चहा पिऊन निघून जातो, प्रश्न घरातच राहतो आणि मनुबाईच्या डोक्याला कटकट होते. मनुबाई म्हणजे अण्णांची बायको. इतकी वर्षं संसार केला, पण नवऱ्याच्या एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, म्हणूनच टिकलो असं ती चारचौघांत सांगते.

अण्णा मूळचे कडोलीचे. शाळा गावातलीच, सातवीपर्यंतची. मास्तर त्यांच्या वडलांना म्हणाले होते, "तुमच्या पोराला उत्तरं येत न्हाईत, पण प्रश्न असले काढतंय की मलाबी उत्तर यीना." ही खोड पुढं वाढतच गेली. कडोलीच्या साहित्य संमेलनाला अण्णा दरवर्षी न चुकता जातात. एका वर्षी व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी चांदण्यावर कविता वाचली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "कविता झ्याक झाली सायेब. पण चांदण्यात जास्वंदीचं फूल लाल का दिसत न्हाई, काळं का दिसतंय?" पाहुण्यांनी पाणी प्यायलं. संयोजकांनी चहाची सुट्टी जाहीर केली. अण्णा चहाच्या रांगेतही पाहुण्यांच्या मागंच उभे होते.

पोटाचा धंदा मात्र आजोबांपासूनचा, टाक करायचा. देव्हाऱ्यात चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव असतात, ते टाक. आजोबांच्या हातचे पितळी ठसे अण्णांकडं आहेत. ठशावर पातळ पत्रा ठेवायचा, ठोकत ठोकत मूर्ती उठवायची, मग बारीक छिन्नीनं नाक, डोळे, दागिने उजळायचे. आंबाबाईचा टाक तर तळहाताच्या खळग्यात मावेल एवढाच. पण त्यात चार हात, गदा, ढाल, म्हाळुंग, पानपात्र आणि नाकात मोहरीएवढी नथ. नथ उठवताना अण्णा श्वास धरतात. तेवढ्यापुरते प्रश्नही बंद असतात.

तर अशा ह्या अण्णांना घट बसायच्या आधीच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. आशिष नावाचा मुलगा बोलत होता. त्याची आजी अक्काताई निपाणीकडच्या गावची. तिच्या घरचे देव अण्णांच्या आजोबांनी केलेले. पुढं कधी ताम्हण, कधी घंटा असलं किडूकमिडूक अण्णांच्या वडलांकडून जायचं, तेव्हा पोरसवदा अण्णांना तिनं पाहिलेलं होतं. आता ती मुलाकडं पुण्याला असते आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून खोलीच्या बाहेर पडत नाही. तिच्या देव्हाऱ्यातल्या आंबाबाईचा टाक झिजून झिजून यंदा तडकला. तडकलेला देव पुजायचा नाही म्हणून तो नदीत सोडला. घटाला नवा पाहिजे होता.

टाक तर तयार झाला. अडलं ते पुढंच. अक्काताईच्या घरची एक रीत आहे. देव एकदा उंबऱ्याच्या आत आला की परत पाठवायचा नाही, आवडो न आवडो, तो घरचा झाला. म्हणून म्हातारीचं म्हणणं, आधी मला तोंड बघू दे, मग आणा.

"अण्णा, फोटो पाठवा," आशिष म्हणाला. "आजीला पटलं तर मी स्वतः येऊन घेऊन जातो. नाही पटलं तर मी नेटवर एक साच्यातला टाक बघून ठेवलाय. त्याचा फोटो एकदम स्वच्छ आहे. निदान चेहरा तरी दिसतोय."

साच्यातला हा शब्द अण्णांना कुसळासारखा टोचला. ज्या ठशातून त्या घरची आंबाबाई आली, तो ठसा ह्या खोलीत, ह्या फडक्यात गुंडाळलेला असताना त्या देव्हाऱ्यात कुठल्या कारखान्यातली बाई जाऊन बसणार? अण्णांनी सुनेनं जुना झाला म्हणून दिलेला मोबाईल काढला, टाक पाटावर ठेवला आणि फटकन फोटो मारला. मोबाईलची वीज चमकली. फोटोत देवीचे चार हात होते, पाय होते आणि तोंडाच्या जागी पांढराफेक गोळा.

"देवीनं बॅटरी लावलीया जणू," मनुबाई म्हणाली.

मग अण्णा अंगणात उन्हात गेले. तिथं गोळा आणखी मोठा झाला. मोबाईलची वीज बंद करून सोप्यात काढला, तर गोळा गेला, पण देवीच्या पोटावर काहीतरी काळं, टकलं, चष्मा लावलेलं उमटलं. अण्णांना वाटलं, डाग असंल. पाठवून दिला. थोड्या वेळानं आशिषचा फोन आला. तो हसू दाबत होता.

"अण्णा, आजी विचारतेय, देवीच्या पोटात हा म्हातारा कोण?"

आता इथं दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. अण्णा खूश झाले. "व्हय की! मीच हाय की ओ!" असं ओरडून त्यांनी तो फोटो मनुबाईला दाखवला, शेजारच्या विणकराला दाखवला, आणि त्या दिवशी जो कोणी दारात आला त्याला दाखवला. पण हसण्यानं टाक पुण्याला जाणार नव्हता. अण्णांना वाटलं, चांदी मळलीय म्हणून अशी दिसते. त्यांनी रिठ्याच्या पाण्यात टाक धुतला, मऊ फडक्यानं पुसला, परत पुसला. पिढीजात कारागिराची चूक ती! कुठलीही अडचण आली की हात पहिल्यांदा फडक्याकडं जाणार. पुढच्या फोटोत चष्म्याची काडीसुद्धा स्पष्ट आली.

"अवो, जितकं घासताय तितकं तुम्हीच दिसाय लागलाय," मनुबाई म्हणाली. "अजून थोडं घासा, म्हंजे पोटातला म्हातारा बोलाय लागंल."

अण्णांचं फडकं थांबलं. हे वाक्य त्यांना लागलं नाही, त्यातून काहीतरी सुचलं. त्यांनी आशिषला फोन केला आणि तो नेटवरचा टाक कसा दिसतो ते पाठव म्हणून सांगितलं. फोटो आला. अण्णा तो डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, उलटा करून बघत बसले. खोली दिसत नव्हती, खिडकी दिसत नव्हती, माणूस दिसत नव्हता. चांदी मात्र चांदीच होती.

"मने, हे बघ. चांदीत समोरचं दिसतंय. मग ह्यो फोटो काढणारा माणूस गेला कुठं?"

"घरी गेला असंल. त्येला घर असंल, बायको असंल."

पण अण्णा आता प्रश्नाच्या मागं लागले होते. त्यांनी टाक पाटावर ठेवला आणि त्याच्यासमोर फोटो न काढता नुसतेच बसले. शेजारी एक लाल मिरची ठेवली. देवीचा उजवा गाल लाल झाला. मिरची उचलून डावीकडं ठेवली, लाली डावीकडं गेली. मनुबाई हिरव्या लुगड्यात मागून गेली तर पानपात्र हिरवं होऊन परत पांढरं झालं. अण्णांच्या तोंडातून आपोआप "अरे तिच्या!" निघालं. जन्म चांदीत गेला. चांदी वितळवली, ठोकली, उजळली. पण तिला स्वतःचं असं तोंड नाही, समोर जे असेल ते ती अंगावर घेते, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हणजे देवीला घासून काही उपयोग नाही. घासायची तर खोली घासली पाहिजे. देवीला जे दिसतंय ते बदललं पाहिजे.

मग जे सुरू झालं त्यानं घरातली माणसं जेवायला खाली बसू शकली नाहीत. अण्णांनी स्टूल उलटं केलं, त्याचे चार पाय वर. त्यावर आपलं धुतलेलं पांढरं धोतर सगळ्या बाजूंनी टाकलं, तंबूसारखं. आत पांढऱ्या कागदावर आंबाबाई. ऊन ज्या खिडकीतून कधीच थेट येत नाही, ती उत्तरेची खिडकी उघडी ठेवली. तिच्यातून येणारा उजेड धोतरातून गाळून, गुळाच्या पाण्यासारखा मऊ होऊन आत उतरत होता. धोतराच्या दोन काठांमध्ये मोबाईलच्या डोळ्यापुरती फट ठेवली. पहिल्या फोटोत देवीच्या कपाळावर लाल ठिपका आला. अण्णांनी हात जोडले. मग लक्षात आलं, तो मोबाईलच्या लाल कव्हराचा रंग. कव्हर काढलं, मोबाईलच्या पाठीला पांढरा कागद चिकटवला, डोळ्याजवळ तेवढं भोक. अंगातला चौकड्याचा सदराही काढून ठेवला, न जाणो.

"आता धोतर देवीला दिलं, सदरा खुंटीला दिला," मनुबाई म्हणाली. "दार लावू का उघडं ठेवू?"

"बोलू नको गं, हलतंय."

"मी बोलल्यानं हलतंय व्हय?"

फोटो निघाला. अण्णांनी बघितला आणि पाटावर मांडी ठोकून बसले. चमक नाही, गोळा नाही, म्हातारा नाही. डोक्यापासून पायापर्यंत सगळी आंबाबाई. सायीसारखी पांढरी, शांत. नेटवाल्याचा फोटो ह्याच्यापुढं काय! अण्णांनी तो ताबडतोब पाठवला आणि त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी आशिषचा आवाज पडलेला होता. "अण्णा, फोटो फार सुंदर आलाय. मला तर खूप आवडला. पण आजी म्हणते, ही आपली नव्हे."

"न्हवं म्हंजे?"

"नव्हेच म्हणते. मी आज तो दुसरा मागवून टाकतो. घट जवळ आलेत. तुमचा टाक कुणी ना कुणी घेईलच की."

"थांब थांब," अण्णा म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. राग यायला वेळच नव्हता, कारण त्यांच्या डोक्यात नवा प्रश्न उभा राहिला होता. ठसा तोच, देवी तीच, मग म्हातारीला ओळख का पटेना? "मागवायच्या आदी मला आक्काताईशी बोलू दे. तोंड दिसतंय तसल्या फोनवर."

आशिषनं आपला फोन टीव्हीला जोडून आजीसमोर लावला. इकडं अण्णांनी मोबाईल तंबूच्या फटीत टेकवला. तिकडं पुण्याच्या खोलीत आंबाबाई दाराएवढी झाली. फोनमधून अक्काताईचा बारीक, चिरका, पण अधिकाराचा आवाज आला.

"कोण, रवळू व्हय रं? तुझा बा लई सरळ माणूस हुता. तू ही कुणाची बाई आमच्या गळ्यात घालायलाईस?"

"आक्काताई, ही तुमचीच की. आज्ज्याच्या ठशातली. काय चुकलंय ते सांगा."

"काय चुकलंय? हिला नाक हाय!"

मनुबाईला हसू फुटलं आणि तिनं पदर तोंडात घातला.

"आक्काताई," अण्णा जपून म्हणाले, "देवीला नाक असतंयच की ओ."

"आमच्या देवीला न्हवतं. नाक न्हाई, डोळं न्हाईत. गुळगुळीत तोंड. मी रोज आंघुळ घालतीया, मला ठावं न्हाई? आंगठा असा कपाळावरनं खाली आला की सरळ हनुवटीला जायाचा. मदी कायबी लागायचं न्हाई."

अण्णांनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. आता त्यांना सगळं कळलं. म्हातारीनं देवीला डोळ्यांनी कधी ओळखलंच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळी पाणी, रोज अंगठा. पत्रा पातळ होत गेला, नाक बसत गेलं, डोळे विरत गेले. शेवटी राहिलं ते गुळगुळीत तोंड. तेच तिच्या ओळखीचं. आणि अण्णा इकडं धोतर लावून, सदरा काढून, तिला नाक स्पष्ट दाखवायची खटपट करत होते!

एक सोपा उपाय होता. नाक घासून टाकायचं. नवा पत्रा, अण्णांचा हात, दुपारपर्यंत देवी गुळगुळीत. तो विचार त्यांच्या मनात आला आणि तिथंच मेला. नवा देव नाकाडोळ्यांसकटच घरात जायचा.

"आक्काताई, एक इचारू?"

"तुझी इचारायची सवय तुझ्या बानंबी सांगितली हुती. इचार."

"तुमी नवी नवरी हून आलतासा, तवा पयल्यांदा देव कुणी दाखिवले तुमास्नी?"

"सासूनं. आनी कोण दाखिवणार?"

"तवा नाक हुतं?"

"आता ते काय..." म्हातारी म्हणाली आणि थांबली. आशिष "आजी?" म्हणाला, तर तिनं त्याला हातानं गप्प केलं असावं. मग आवाज आला, पण तो मघाचा नव्हता. "सासू वरडली हुती मला. पयल्याच दिशी. मी ताकद लावून घासाय लागले, तवा म्हनली, हळू गं, नथ मोडशील तिची." आणि पाठोपाठ, "नथ हुती रं रवळू. उजेडात मन्यासारखी दिसायची. ह्या बाईला न्हाई."

"हाय की आक्काताई! नथ हाय!"

"मग दाव."

आली का पंचाईत! अण्णांनी मोबाईलमध्ये बघितलं. नथ टाकावर होती, ती अण्णांनीच श्वास धरून उठवली होती. पण पडद्यावर नव्हती. चहूबाजूंनी पांढरं धोतर, त्यामुळं नाक, गाल, नथ सगळं एकसारखं पांढरं; दह्यात बुडवल्यासारखी देवी. चमक घालवता घालवता नथही गेली होती. अण्णांनी टाक तिरका केला, काही नाही. खिडकीचं एक दार लोटलं, नुसता अंधार वाढला.

"न्हाई न्हवं?" अक्काताई म्हणाली. "राहू दे बाबा. तुझा काय दोष."

"काय न्हाई? हाय की! परवा मी बघितलीया डोळ्यानं," मनुबाईला राहवलं नाही. तिनं बाजूनं धोतर उचललं आणि बघायला डोकं तंबूत घातलं.

पडद्यावर देवीच्या नाकाच्या एका कडेनं बारीक काळी रेघ उतरली. गाल फुगला. ओठ उमटले. आणि नाकाच्या शेंड्याखाली एक टपोरा मणी उभा राहिला.

"हलू नको!" अण्णा ओरडले.

"अवो, तव्यावर भाकरी..."

"करपू दे! डोस्कं तितंच ठेव!"

मनुबाईचे केस वयाच्या मानानं फारच काळे आहेत. कसे, ते ती कुणाला सांगत नाही आणि अण्णांनीही तो एकच प्रश्न आयुष्यात विचारलेला नाही. त्या काळ्याभोर केसांची सावली चांदीनं अंगावर घेतली होती. पांढऱ्याच्या शेजारी काळं आलं तेव्हा पांढऱ्याला आकार आला. अण्णांना नाचावंसं वाटत होतं, पण मोबाईल हलला असता.

मग अक्काताई हळूच म्हणाली, "हीच. हीच की गं बाई." आणि थोड्या वेळानं, "म्हंजे नाक मीच पुसलं व्हय हिचं? इतकी वर्सं घासून घासून?"

"आंगठा लावल्याबिगर आंघुळ हुती का?" अण्णा म्हणाले. "आज्जा म्हनायचा, टाक न्हाई झिजला तर समजायचं, त्या घरात पूजा न्हाई."

"आनी ही बाजूला काळी सावली कुनाची रं?"

"मी मनू, आक्काताई," तंबूतून आवाज आला. "मान आकडली माझी."

"केस झ्याक हाईत गं तुझं."

मनुबाई तंबूतूनच लाजली. भाकरीचा वास आता सोप्यापर्यंत आला होता. तिचं डोकं सुटावं म्हणून अण्णांनी खुंटीवरची काळी छत्री ओढली, तिची एक काडी उघडून कापड धोतराच्या आत, देवीच्या डाव्या अंगाला उभं केलं. नथ जागची हलली नाही. मनुबाई भाकरीकडं पळाली. अण्णांनी तेवढ्यात एक फोटोही काढून घेतला, छत्री थोडी लांब धरून एक, अजून लांब धरून एक. प्रत्येक वेळी नाक थोडं थोडं बदलत होतं आणि ते का, हे त्यांना आत्ताच्या आत्ता कळायला हवं होतं.

"रवळू, आइकतोस का?" अक्काताई हाका मारत होती. "आशिष परवा येतोय न्यायला. ते दुसरं नगं म्हनून सांगितलं त्येला. पर मी काय म्हनते, आता मी आंगठा लावनार न्हाई. नुसतं पानी घालीन. परत नाक गेलं तर?"

"लावा की बिनघोर. देवीला सवय हाय, तुमास्नी सवय हाय."

"माझा हात जड हाय रं. सुनंला सांगते, तिचा हलका हाय. मग किती दिस टिकंल?"

अण्णांनी तंबूत डोकावून पत्र्याची जाडी मनातल्या मनात मोजली. "सुनंच्या हातात टिकंल. नातसून आली तर तिलाबी नथ दिसंल. तिच्या सुनंचं मातूर सांगता येत न्हाई."

"आइकलास काय रं आशिष?" म्हातारी नातवाकडं वळली. "देवीचं नाक हाय तवर लगीन कर म्हनतोय अण्णा."

"आजी, फोन चालू आहे," आशिष म्हणाला.

"असू दे की. मी काय खोटं बोलले?"